मधमाश्यांचं हॉटेल घेतलं, फोटोतला पाहुणा काही आला नाही (५ पैकी ३ स्टार)

होळीच्या आधी ऑनलाइन मागवलं होतं हे, ७९९ रुपये, डिलिव्हरी वेगळी. लाकडाचं घरासारखं खोकं, वर उतरतं छप्पर, आत बांबूच्या नळ्या नि भोकं पाडलेले ओंडके ठासून भरलेले, पोळं न करता एकट्या राहणाऱ्या माश्यांनी त्यात अंडी घालावीत म्हणून. डब्यावर फोटो कसला, तर पिवळा-काळा केसाळ गुबगुबीत बम्बलबी. लेक म्हणाली आई मला हाच पाहिजे. आता ही माशी आपल्या देशात हिमालयाकडच्या थंड डोंगरांत राहते, इंदूरच्या मे महिन्यात ती कशाला येतेय मरायला! हे मला पैसे भरल्यावर कळलं, तेवढा दोष माझा, पण विकणाऱ्याला तरी कळायला नको?

आपल्याकडे शेवग्याच्या फुलांवर जो काळा ढब्बू घूं घूं करत येतो तो भुंगा. उन्हात पंख निळे-जांभळे चमकतात. कीर्तनात लाकूड पोखरणारा म्हणून सांगतात ना, तोच. लाकूड खात नाही हं तो, मादी आत घर करते म्हणून भुसा खाली पडतो. आणि तोंडासमोर येऊन हवेत तरंगत राहतो नि आपण ओरडत घरात पळतो तो बहुतेक नर, त्याला नांगीच नसते बिचाऱ्याला. असो. लेकीला म्हटलं, हा ठेवू आपण हॉटेलात. तर यातली सगळ्यात मोठी नळी मी पट्टीने मोजली, ८ मिलिमीटर. भुंगा यायचा, तोंड घालून बघायचा, नि लग्नसराईत धर्मशाळेत खोली न मिळालेल्या वऱ्हाडासारखा परत जायचा. शेवटी त्याने आमच्या दोडक्याच्या मांडवाचा जुना बांबू पकडला, फुकटात.

मुख्य तक्रार वेगळीच आहे. नळ्या मागून आरपार उघड्या! या एकट्या राहणाऱ्या माश्या नळीत मागच्या टोकापासून एकामागे एक खोल्या करत येतात, प्रत्येक खोलीत परागकणांचा गोळा, त्यावर एक अंडं, मग पडदा, की पुढची खोली. मादीची अंडी आत, नरांची दाराशी, कारण नर आधी बाहेर पडतात. मागचं दारच उघडं असेल तर मुंग्या आत, पाऊस आत. मी मागे प्लायवूडचा तुकडा ठोकला. नळ्यांच्या कडांना कुसळं होती, त्यात पंख फाटतील म्हणून पॉलिश पेपरने एकेक घासली, रविवार गेला त्यात. टांगायला सुतळी दिलीये, ती फेका, वाऱ्यात झोके घेणाऱ्या घरात कोण राहील? आम्ही पूर्वेच्या भिंतीला चार-साडेचार फुटांवर स्क्रूने पक्कं केलं, सकाळचं ऊन लागेल असं.

मग चैत्र गेला, वैशाख गेला, काही नाही. नवरा रोज चहाच्या वेळी विचारायचा, आज काय बुकिंग? कस्टमर केअरला फोन केला तर तो पोरगा म्हणे मॅडम तीन महिन्यांत मध येईल. अरे बाबा, या माश्या मध साठवतच नाहीत! मध पाहिजे तर सातेरीची, म्हणजे पाळायच्या मधमाश्यांची, पेटी लागते, ते सगळं प्रकरण वेगळं.

श्रावणात एक दिवस बघते तर गुलाबाच्या पानांना गोल गोल काप, जसे पंचिंग मशीनने मारलेत. नवरा औषधाची बाटली घेऊन निघालाच होता, मी हात धरला. तासभर बसले तिथे, तर एक करडी माशी पानाचा तुकडा पोटाशी धरून गुंडाळत आली नि सरळ नळीत शिरली! पान कापणारी माशी, त्या तुकड्यांचं अस्तर करते आत. महिन्याभरात १४ नळ्या बंद. त्यातल्या चार मातीने लिंपलेल्या, त्या कुंभारणीच्या, ती मधमाशी नाही, गांधीलमाशीच्या कुळातली, पण पिल्लांसाठी अळ्या पकडून भरते, म्हणजे माझ्या वांग्याचं भलंच. शेजारच्या काकू घाबरल्या होत्या, मोहोळ बसवलंत का म्हणून. काकू, आग्या मोहोळ ते, टाकीखाली लटकतं, त्याच्या वाटेला जाऊ नये हे खरंच, इथल्या मात्र आपल्या कामात असतात, हातात धरून दाबलं तरच डसतील.

तुळशीवर आणि टोमॅटोवर येणारी निळ्या पट्ट्यांची माशी मात्र या खोक्याकडे ढुंकून बघत नाही. ती टोमॅटोचं फूल धरून अंग थरथरवते, झझझ आवाज येतो नि पराग झडतो, साध्या मधमाशीला हे जमत नाही. पण ती राहते मातीत. आणि आम्ही, इंदूर २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं त्या उत्साहात, अंगणभर टाइल्स लावून बसलो! आता वृंदावनाजवळच्या सहा उखडल्यात, सासूबाईंची बोलणी खाऊन.

दोन स्टार कापले, एक आरपार नळ्यांचा, एक त्या फोटोचा. लाकूड बरं आहे, छप्पर पावसात टिकलं. दुसरं मात्र मी विकत घेणार नाही, बांबूवाल्याकडून पातळ बांबू आणून वीतभर तुकडे करीन, एका टोकाला गाठ राहील असे कापायचे म्हणजे मागचं दार आपोआप बंद. भुंग्यासाठी एक जाडा बांबू वेगळा.