मोटरहोमसाठी ४जी राउटर आणि छतावरील अँटेना: वापरानंतरचे परीक्षण

मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या कांड्या दिसत असूनही साधे पान उघडायला मिनिटभर लागत असेल, तर दोष बहुधा वाय-फायचा नसतो. त्या कांड्या फक्त मोबाइल आणि राउटर यांच्यातील जोडणीविषयी सांगतात; राउटर आणि टॉवर यांच्यातील जोडणीचा त्यांना पत्ता नसतो. सिमकार्डवर चालणारा राउटर आणि मोटरहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, छतावर बसवायचा अँटेना हा संच मला आवडला, तो मुख्यतः या दोन्ही जोडण्यांची स्थिती वेगवेगळी दाखवतो म्हणून.

राउटरच्या सेटिंग्जमध्ये आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे दिसतात. पहिला टॉवरच्या सिग्नलचा जोर सांगतो: उणे ८० डीबीएमच्या (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक) आसपास उत्तम, उणे ११० च्या खाली रडतखडत. दुसरा सिग्नलची स्वच्छता सांगतो आणि तो शून्यावर आला की जोरदार सिग्नलचाही फारसा उपयोग होत नाही. दोन्ही आकडे चांगले असून वेग मिळत नसेल, तर टॉवरवरच गर्दी असण्याची शक्यता अधिक. तेथे बँड, म्हणजे टॉवरशी जोडणारी फ्रिक्वेन्सीची पट्टी, बदलून पाहावा, अँटेनाला बोल लावू नये.

गाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सिग्नल अडवतो, त्यामुळे अँटेना बाहेर आल्याचा फरक लगेच जाणवतो. दाट झाडीत थांबलो असताना आतल्या टेबलावर उणे ११२ दाखवणारा राउटर छतावरील अँटेना जोडताच उणे ९७ वर आला. मात्र संचासोबत आलेली केबल बारीक आणि गरजेपेक्षा लांब आहे. अशा केबलमध्ये मीटरमागे एक डेसिबेल किंवा त्याहून अधिक सिग्नल सहज गळतो, आणि तीन डेसिबेल गेले म्हणजे निम्मी शक्ती गेली. जाड, आखूड केबल वेगळी घ्यावी लागते, ही या किमतीच्या संचात न शोभणारी काटकसर आहे. राउटरवर अँटेनाच्या केबल फिरवून बसवायचे जोड, मोबाइल सिग्नलचे एसएमए आणि वाय-फायचे आरपी-एसएमए, शेजारीशेजारी असून त्यांवरील अक्षरे वाचायला भिंग लागेल. चुकीची जोडी आट्यांवर व्यवस्थित बसते, पण मधल्या पिनेचा संपर्क होत नाही; म्हणून घट्ट करण्यापूर्वी पिन पाहून घ्यावी.

पाण्याचा पंप सुरू होताच राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, ही अनेकांची तक्रार असते. पंप सुरू होताना १२ व्होल्टच्या लाइनवरील विजेचा दाब क्षणभर उतरतो. हा राउटर ९ ते ३० व्होल्टवर चालतो, त्यामुळे तो तग धरतो. मात्र सोबतचा लायटर सॉकेटचा प्लग प्रवासातील हादऱ्यांनी सैल होतो. फ्यूज लावून थेट वायर जोडणेच बरे.

गाडीच्या आत वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर वापरावे. तेथे अंतराचा प्रश्नच नसतो, आणि अशा गाड्या मुक्कामाला थांबतात त्या गर्दीच्या तळांवर २.४ गिगाहर्ट्झचे चॅनेल शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेले असतात. तळाचे वाय-फाय घेऊन ते गाडीत पुरवण्याची सोयही आहे, पण लॉगिनचे पान वारंवार अडकते. केवळ त्या सोयीसाठी हा संच घेऊ नये.