गोठ्यातले फॉगर, पंखे आणि झूल: ग्वाल्हेरची लू ते कोहरा, वापरानंतरचा अनुभव

ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या पुढे आमचा गोठा आहे, एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन संकरित) गाई आणि मुऱ्हा म्हशी. होळीच्या सुमारास फॉगर (नॉझलमधून पाण्याचे बारीक तुषार उडवणारे) आणि मोठे पंखे बसवले, आता जानेवारी चालूय, लू म्हणजे उन्हाळ्यातले गरम वारे, पावसाळा, कोहरा म्हणजे थंडीतलं दाट धुकं, सगळं बघून झालं म्हणून लिहितोय.

उन्हाळ्यात पैसे वसूल. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो पण हवा कोरडी असते, त्यामुळे तुषार हवेतच उडून जातात आणि गोठा खरंच गार होतो. फक्त एकटा फॉगर घेऊ नका, पंखा पाहिजेच, नाहीतर दमट हवा आत कोंडते आणि जनावर जास्तच धापा टाकतं. फरक कळायला दुपारी गाईच्या कुशीकडे बघून मिनिटभर श्वास मोजा, निवांत गाय ३० च्या आसपास असते, ६० च्या वर गेली की तिला ऊन बाधतंय, आणि तोंड उघडून लाळ गाळायला लागली तर हातातलं काम टाकून आधी अंगावर पाणी मारा आणि डॉक्टरला फोन लावा.

म्हशींना नुसत्या तुषारांनी भागत नाही. कातडं काळं, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, त्यांना पाइपने चिंब भिजवायचं आणि मग पंखा. आमच्या म्हशी आता पाइप दिसला की स्वतःच पाठ पुढे करतात, इतकं बरं वाटतं बघून!

तक्रार नॉझलची. बोअरचं पाणी जड, क्षार बसून नॉझल सारखे चोंदतात आणि विकणाऱ्याने फिल्टरचं नाव पण काढलं नव्हतं, हे मला अजिबात पटलं नाही. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवून ब्रश मारला की मोकळे होतात, टाचणी घालू नका, भोक मोठं होऊन धार लागते. पावसाळ्यात फॉगर बंदच ठेवा, दमट हवेत पाणी उडतच नाही, तेव्हा फक्त पंखे. आणि भर दुपारी लाइट गेली की दोन्ही गप्प, म्हणून बजेट कमी असेल तर आधी पत्र्यावर चुना मारा, वर पेंढा पसरा, ते लाइटवर चालत नाही.

थंडीत गोणपाटाची झूल एक नंबर, पण कोहऱ्यात ती ओली होते आणि ओली झूल अंगावर राहिली तर नसलेली बरी, सकाळी काढून उन्हात टाकायचीच. पडदे खालून लावा, वरची फट उघडी ठेवा. लोक थंडीच्या भीतीने सगळं बंद करतात, मग मुताचा वास कोंडून डोळे झोंबतात आणि वासरं खोकायला लागतात. पाणी रात्रीचं हौदातलं नको, सकाळी बोअरचं ताजं द्या, ते कोमट असतं. वासरांच्या खालचा पेंढा रोज संध्याकाळी गुडघा टेकून बघा, गुडघ्याला ओल लागली की लगेच बदला.