रस्टच्या सेल मॉड्यूलचं डॉक्युमेंटेशन: आठ महिन्यांनंतर

आठ महिने झाले, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं (भाषेसोबतच येणाऱ्या तयार कोडमधलं) सेल मॉड्यूलचं पान माझ्या ब्राउझरमध्ये उघडंच असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोक्यावरून गेलं. आता वाटतं, सगळं तर तिथेच लिहिलंय, फक्त एका शब्दाने मला अडकवून ठेवलं होतं.

तो शब्द 'इम्म्युटेबल', म्हणजे न बदलणारा. साधा रेफरन्स (व्हॅल्यूकडे नेणारा दुवा) इम्म्युटेबल असतो असं पान सुरुवातीलाच सांगतं, आणि थोडं खाली गेलं की त्याच रेफरन्समधून आतली व्हॅल्यू बदलायची सोयही दाखवतं. नवख्याने काय समजायचं? साध्या रेफरन्सला मनात 'सामायिक' आणि म्यूटवाल्याला (ज्यातून बदल करता येतो त्याला) 'एकट्याचा' म्हणायला लागले, तेव्हा गाठ सुटली. सामायिक गोष्ट बदलायला हरकत नाही, पण त्या क्षणी दुसरं कुणी ती वाचत नाहीये याची हमी कुणीतरी घ्यायला हवी. ती प्रत्येक प्रकार आपापल्या तऱ्हेने घेतो. सेल सामायिक रेफरन्सवरून आतल्या व्हॅल्यूचा रेफरन्स हातातच देत नाही, फक्त काढा आणि घाला. रेफसेल प्रोग्राम चालू असताना बॉरोंची (उसन्या घेतलेल्या रेफरन्सची) मोजदाद ठेवतो. म्यूटेक्स हे कुलूप दुसऱ्या थ्रेडला (प्रोग्राममध्ये त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या कामाला) रांगेत उभं करतो. आणि गंमत बघा, या मॉड्यूलची ओळख करून देणारं पहिलंच वाक्य 'शेअरेबल' या शब्दाने सुरू होतं! तोच शब्द पुढेही धरून ठेवला असता तर माझे दोन आठवडे वाचले असते.

रेफसेलच्या पानावर दोन बॉरोंची टक्कर झाली की पॅनिक होईल (काम तिथेच कोसळेल) हे स्पष्ट लिहिलंय. पण टक्कर प्रत्यक्षात कशी होते, हे मला माझ्याच कोडने शिकवलं. पार्स केलेल्या फाइल्सची कॅश (पुन्हा लागतील म्हणून राखलेला साठा) रेफसेलमध्ये होती. मॅचच्या (उत्तरानुसार फांद्या फुटणाऱ्या रचनेच्या) डोक्यावर वाचायला बॉरो करून गेट, सापडलं नाही तर 'काही नाही' या अर्थाच्या नन्‌च्या फांदीत बदलायला बॉरो म्यूट करून इन्सर्ट. कंपाइल बिनतक्रार, आणि पहिल्याच न सापडलेल्या फाइलला पॅनिक. कारण मॅचच्या डोक्यावर घेतलेला तात्पुरता गार्ड (बॉरो चालू असल्याची खूण) मॅच संपेपर्यंत जिवंत राहतो. गेटचं उत्तर आधी क्लोन करून (प्रत काढून) वेगळ्या लेटमध्ये ठेवलं, अर्धविरामापाशी गार्ड सुटला, झालं. रस्टच्या 2024 च्या एडिशनमध्ये (भाषेच्या नियमांच्या आवृत्तीत) इफ लेटचा गार्ड एल्सच्या आधी सुटतो, मॅचचा मात्र अजूनही नाही. हे उदाहरण रेफसेलच्याच पानावर हवं.

दुसरा फटका: अ‍ॅटॉमिक काउंटर (अनेक थ्रेडना सुरक्षितपणे वाढवता येणारा आकडा) कॉन्स्ट म्हणून लिहिला. कितीही वाढवा, वाचलं की शून्यच. कॉन्स्ट जिथे जिथे वापरू तिथे नवी प्रत तयार होते, तिथे एकच जागा ठेवणारा स्टॅटिकच हवा. क्लिपी हे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन याबद्दल टोकतं, पण तेव्हा क्लिपी चालवायचा आळस होता.

अनसेफसेलचं पान मात्र उत्तम. रेफसेल, म्यूटेक्स, अ‍ॅटॉमिक्स सगळ्यांच्या तळाशी हाच असतो, आणि सामायिक रेफरन्समागचा डेटा बदलणार नाही हे कंपाइलरचं गृहीतक फक्त याच्यासाठी बाजूला ठेवलं जातं. एकट्याच्या रेफरन्सचा नियम इथेही सुटत नाही, हेही ते बजावतं. सुरुवात इथून केली असती तर बरं झालं असतं.

इंटिरियर म्युटेबिलिटी, म्हणजे सामायिक रेफरन्समधून आतली व्हॅल्यू बदलणं, हा शेवटचा उपाय, असं सेलचं पान म्हणतं. तेव्हा मला तो उगाचचा उपदेश वाटला होता. गेल्या महिन्यात प्रोजेक्टमधले अकरा रेफसेल तपासले. चारांच्या जागी वनसेल पुरला, कारण व्हॅल्यू एकदाच भरायची होती. पाच तर नकोच होते, फंक्शनला म्यूट सेल्फ (एकट्याचा रेफरन्स) दिलं की भागलं. उरले दोन, त्यातला एक त्या कॅशचा.