कॅस्केड हॉप्सचा कंद: तीन हंगामांचा अनुभव

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, हिल्सबरोला आमच्या घरामागे दक्षिणेकडची भिंत आहे. तिथे हॉप्स, म्हणजे ज्याच्या बोंडांनी बियरला कडवटपणा आणि वास येतो तो वेल, लावायचा ठरवून तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये घरी बियर बनवण्याचं सामान विकणाऱ्या जवळच्या दुकानातून कॅस्केड जातीचा कंद आणला. सहा डॉलर पडले. बोटाएवढा जाड, वीतभर लांब, दिसायला वेखंडासारखा. त्यावर तीन पांढरे डोळे आणि भोवती ओलसर भुसा. जोडीला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून दुसराही मागवला होता. तो आला तेव्हा आतून काळा पडलेला होता, चिठ्ठीवर जातीचं नावसुद्धा नव्हतं. म्हणून सांगते, कंद हातात घेऊन, नखाने खरवडून, डोळे बघून घ्या. बियांच्या नादी लागू नका. हॉप्सचे नर-मादी वेल वेगळे असतात आणि आपल्याला हवी ती बोंडं फक्त मादीला येतात.

जात निवडताना मी फार विचार केला नाही. कॅस्केड इथलीच आहे, ओरेगनमध्ये तयार होऊन १९७२ साली ती शेतकऱ्यांच्या हातात आली. इथली हवा तिला मानवते.

पहिल्या वर्षी चूक झाली ती दोरीची. वळचणीपासून जमिनीपर्यंत पाच मीटर नायलॉनची दोरी ताणली होती आणि वेल दर दोन दिवसांनी घसरून खाली. गुहागरला आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगो, नायलॉनवर वेल चढेल कशी? सुंभ बांध." आमच्या वाडीत पोफळीवर मिरी चढवण्यात तिचं आयुष्य गेलंय. सुंभ बांधलं आणि आठवड्यात वेल माणसाच्या उंचीवर गेला. हॉप्सला तणावे नसतात. खोडावरच्या खरखरीत आकड्यांनी तो धरून चढतो, नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. उलटा गुंडाळलात तर सुटतो. नंतर कळलं की इथल्या मोठ्या मळ्यांतही काथ्याचंच सुंभ लावतात आणि ते श्रीलंकेहून येतं. हे ऐकून आईला फार आनंद झाला.

दर वसंतात वीस-पंचवीस कोंब फुटतात. त्यातले तीन जोमदार ठेवायचे, बाकीचे छाटायचे. पहिल्या वर्षी माझा हात धजला नाही, सगळे ठेवले, आणि वाळलेली बोंडं भरली जेमतेम ४० ग्रॅम. दुसऱ्या वर्षी १८०. गेल्या हंगामात ओली २.३ किलो निघाली, वाळवून ५२० ग्रॅम. तेव्हा पहिल्या वर्षाच्या उत्पन्नावर कंदाला नावं ठेवू नका, तो जमिनीखाली मुळं धरत असतो.

काढणी गणपतीच्या आसपास येते. सगळी गंमत इथे आहे. घाई केली तर नुसता गवताचा वास, उशीर झाला तर चीझचा. बोंड दाबून सोडल्यावर परत फुललं पाहिजे, कागदासारखं करकरलं पाहिजे आणि उकलल्यावर आतली पूड गर्द पिवळी, बोटांना चिकटणारी हवी. तिचा वास थेट पपनसाच्या सालीचा! पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, आकड्यांनी हातावर ओरखडे उठतात. घरात कुत्रा असेल तर एकही बोंड खाली राहू देऊ नका. हॉप्स खाल्ल्यावर कुत्र्याला भयंकर ताप चढतो आणि तो दगावू शकतो.

वाळवायला खिडकीच्या जाळ्या आणि पंखा पुरला, ऊन लागू दिलं नाही. बोंडातली मधली काडी वाकण्याऐवजी मोडली की झालं. मग हवा काढलेल्या पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये.

१९ लिटरच्या पेल एल या फिकट रंगाच्या बियरला कडवटपणासाठी मात्र मी हॉप्सच्या विकतच्याच गोळ्या वापरते. घरच्या बोंडांतलं कडवटपणा देणाऱ्या आम्लाचं प्रमाण प्रयोगशाळेशिवाय कळत नाही आणि अंदाजाने कडू केलेली बियर महिनाभर प्यायची माझी तयारी नाही. घरची बोंडं उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत ४० ग्रॅम आणि आच बंद केल्यावर ६०. अख्खी बोंडं बियरचा उकळता रस फार पितात, दीड लिटर त्यांच्यातच गेला. पुढच्या वेळी पाणी वाढवून धरीन. पण पहिला ग्लास नाकाशी नेला तेव्हा ती पपनसाची साल आणि मागून फुलांचा मंद वास, असं विकतच्या गोळ्यांनी मला कधीच मिळालं नव्हतं.

कंदाला पाचपैकी चार गुण. एक कमी केला तो पसरण्याबद्दल. दुकानात कुणी सांगितलं नाही की मुळं जमिनीखालून मीटरभर धावतात. यंदा टोमॅटोच्या वाफ्यात कोंब निघाले. लावतानाच भोवती फूटभर खोल पत्रा पुरा. जुलैत रोज पाणी लागतं, आणि पानाखाली मावा दिसला की पाण्याचा जोरात फवारा मारायचा. वाफ्यातले ते कोंब मुळांसकट काढून मी शेजारणीला दिलेत. सुंभही दिलंय.