ग्रुप लोन: दहा हप्ते भरल्यावर, आणि त्या पाच रुपयांबद्दल

कळव्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. जानेवारीत पाच जणींच्या गटातून 40,000 उचलले. त्यातून कणीक मळायचं मशीन आणि दुसरी शेगडी आली. गटाचं कर्ज म्हणजे तारण नाही, कर्ज प्रत्येकीचं वेगळं, पण एकीला हप्ता जमला नाही तर बाकीच्यांनी भरायचा; हप्ते गटाच्या मीटिंगला गोळा होतात.

हातात पडले 38,908. 472 प्रोसेसिंगचे गेले, 620 विम्याचे. विमा हवाय का, असं कोणी विचारलंच नाही. व्याज तोंडी साडेतेरा टक्के, कागदावर 24. खोटं दोन्ही नाही: साडेतेरा अख्ख्या मुद्दलावर धरलेलं, 24 उरत जाणाऱ्या मुद्दलावर. हप्ता 2,115, महिने 24. तारणाशिवाय दुसरं कोणी देत नव्हतं, म्हणून व्याजावर मी रडणार नाही.

रडणार आहे पाच रुपयांवर. मी 2,120 देते. मीटिंगला हप्ते घ्यायला येणारे सर म्हणतात, "ताई, सुट्टे नाहीत, पुढच्या वेळी बघू." हप्त्याच्या कार्डावर नोंद मात्र 2,115 ची. मोबाइलवरून पाठवते म्हटलं, तर मीटिंगला रोखच हवी. तुम्हीच सुट्टे न्या, असं सांगू नका. माझ्याकडे दहाची पोळी घेणाऱ्याला मी कधी "पुढच्या वेळी" म्हणते का?

पाच रुपयांचं काय एवढं, असं नवरा म्हणतो. गरिबांना विनातारण छोटी कर्जं देणारी ग्रामीण बँक पुढे ज्यांनी काढली, त्या मुहम्मद युनूस यांनी 1976 साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात 42 जणांना मिळून 27 डॉलर दिले होते, म्हणजे माणशी एक डॉलरसुद्धा नाही. हा सगळा धंदा चिल्लर मोजूनच उभा राहिलाय!

गटाच्या हमीबद्दल मात्र माझं मत फिरलं. मार्चमध्ये एकीचा हप्ता आम्ही चौघींनी भरला तेव्हा मी पंधरा दिवस धुसफुसत होते. जुलैत मला मलेरिया झाला, केंद्र नऊ दिवस बंद. चौघींनी प्रत्येकी 529 काढून माझा हप्ता भरला आणि मला नंतर कळवलं. त्यातही एक रुपया जास्त झाला, तो सरांकडेच. (पुढच्या महिन्यात मी सगळ्यांचे फेडले.)

दिवाळीच्या फराळाने हात दिला, म्हणून काल कर्ज बंद करायला शाखेत गेले. आधी म्हणाले, मुदतीआधी बंद केलंत तर दंड लागेल. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2022 पासूनच्या नियमात अशा कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. तो कागद मी छापूनच नेला होता. मग दंडाचं नाव निघालं नाही. 25,604 भरले, पुढचं चार हजारांचं व्याज वाचलं.

पावती घेतली आणि म्हटलं, आता माझे 46. नऊ वेळचे 45, जुलैचा 1. मॅनेजर साहेब हसले, खिशातून पन्नासची नोट काढून म्हणाले, "राहू द्या ताई, सुट्टे नाहीत."

माझ्याकडे होते. चार रुपये मोजून टेबलावर ठेवले.