स्विंडनचं सेंट मार्क्स चर्च: रेल्वेवाल्यांनी तरी बघाच (साडेचार स्टार)

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधे वाढलेला, त्यामुळे युकेत येऊन बिग बेन वगैरे झाल्यावर पहिल्या मोकळ्या शनिवारी पॅडिंग्टनहून गाडी पकडून स्विंडन गाठलं, तासभर लागतो फक्त. बायको म्हणाली तिथे काय आहे, म्हटलं भुसावळ आहे!

आणि खरंच आहे हो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४३ साली इथे वर्क्स, म्हणजे इंजिनांचा कारखाना, सुरू केलं, शेजारी कामगारांची दगडी घरं बांधली, सगळी एकसारखी. गल्ल्यांची नावं काय तर ब्रिस्टल, टॉन्टन, एक्सेटर, म्हणजे गाडी जिथे जिथे जाते ती स्टेशनं. कामगारांच्या वाचनाची-करमणुकीची इन्स्टिट्यूटसुद्धा आहे, १८५५ ची, पण १९८६ ला वर्क्स बंद झालं तेव्हापासून ओस पडलीय, ते बघून कसंतरीच झालं.

जुनं गाव टेकडीवर आणि वस्ती खाली रुळांपाशी, मग या लोकांना स्वतःचं चर्च हवं होतं. पण गंमत अशी की शेअरहोल्डरांचा पैसा कंपनीला देवळाला लावता येईना, शेवटी गिब्स नावाचे एक डायरेक्टर १८४२ ला वारले त्यांनी मृत्युपत्रात ५०० पौंड ठेवलेले, त्याच्यात वर्गणी घालून काम झालं. म्हणजे गणपतीसारखं पावती पुस्तकच की! १८४५ ला चर्च उभं राहिलं.

आता मुंबईकरांसाठी, याचा आर्किटेक्ट जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, पुढे आपला राजाबाई टॉवर ज्याने काढला तोच. स्वतः मुंबईला न येता, इंग्लंडमधे बसून नकाशे पाठवले त्याने. इथला निमुळता कळस बघताना फोर्टात मान वर करून उभा असल्यासारखं वाटलं मला, अर्थात हे त्याच्या सुरुवातीच्या काळातलं काम, राजाबाईचा थाट इथे शोधू नका.

आवारात थडग्यांजवळ उभा राहून थर्मासमधला चहा ओतत होतो तर पलीकडून गाडी धडधडत गेली, रूळ अगदी खेटून आहेत, एवढे की मी सवयीने कप घट्ट धरला, आमच्या क्वार्टरमधे धरायचो तसाच.

अर्धा स्टार कापला तो वाऱ्याचा, आणि जवळच्या एका कॅफेतल्या थंडगार चीज सँडविचचा. डबा न्या. आत जायचं असेल तर उघडायची वेळ आधी बघून जा, आणि परत येताना बसस्टॉपवर कोकणी ऐकू आली तर दचकू नका, स्विंडनमधे गोव्याची माणसं भरपूर आहेत. मला तर त्यातल्या एका काकूंनी चांगला फिश करी राईस कुठे मिळतो तेपण सांगितलं, पण तोवर गाडीची वेळ झालेली.