कराटेच्या पूरक व्यायामाचा संच : चीइशी उत्तम, मडकी चांगली, फळी नको

कराटेसाठी लागणारी ताकद कमावण्याच्या साधनांचा एक संच मी घेतला आणि पुरेसा वापरला. त्यात तीन वस्तू आहेत : वजन कमी-जास्त करता येणारी चीइशी, म्हणजे एका टोकाला वजन असलेला दांडा, निगिरिगामे म्हणजे पकडीच्या मडक्यांची जोडी, आणि भिंतीवर ठोकायचा मकिवारा, म्हणजे ठोसे मारायची फळी. चीइशी इतकी चांगली आहे की तिच्यासाठी संच घ्यावा. मडकी थोडी सुधारून वापरावीत. मकिवारा मात्र खोक्यातच राहू द्यावा, आणि लहान मुलांच्या हाती तर मुळीच लागू देऊ नये.

ओकिनावातल्या कराटेत या व्यायामांना होजो उंदो म्हणतात. गोजू-र्यू या कराटेच्या शैलीचे संस्थापक चोजुन मियागी (1888–1953) यांनी सरावाची जी घडी बसवली, तिच्यात अंग मोकळं करणारे व्यायाम, ताकदीचे पूरक व्यायाम आणि काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिका, यांना आपापली जागा आहे. साधनं अगदी साधी : दगड, लाकूड, मातीची मडकी, वाळू. तरी मियागी जुन्यालाच चिकटून बसले नव्हते. 1934 साली ते हवाईला गेले, तिथे कुस्तीगीर वापरत असलेलं एक लोखंडी साधन त्यांना आवडलं आणि कोंगोकेन या नावाने ते गोजू-र्यूत आलं. त्यामुळे या संचात दगडाऐवजी पोलादी चकत्या आहेत याला माझा काहीच आक्षेप नाही. साधन नवं की जुनं हे मी बघत नाही. पंच, ब्लॉक किंवा काता करताना शरीराला जे करावं लागतं, तेच ते साधन करून घेतं का, एवढंच बघते.

चीइशी या कसोटीला पुरेपूर उतरते. लाकडी दांडा आणि त्याच्या एका टोकाला वजन, एवढीच ही वस्तू. पारंपरिक चीइशीत ते वजन दगडाचं किंवा सिमेंटचं असतं, इथे एकावर एक बसणाऱ्या चकत्या आहेत. मुद्गल फिरवलेल्या माणसाला तिचा स्वभाव लगेच ओळखू येईल : वजन हातात नसतं, हातापासून दूर असतं, आणि सगळी गंमत त्या अंतरात आहे. दांडा आडवा धरला की 3 किलोचं वजन मुठीपासून 30 सेंटिमीटरवर असताना मनगटाला जेवढा पीळ देतं, त्याच्या निम्माच पीळ मूठ 15 सेंटिमीटरवर सरकवली की उरतो. म्हणजे चकती न बदलता, फक्त मूठ पुढे-मागे करून व्यायाम सोपा किंवा कठीण करता येतो. दमल्यावर वजन खाली ठेवायची गरज नाही, मूठ दोन बोटं पुढे घ्यायची आणि हालचाल शुद्ध ठेवून पुढे चालू करायचं. डंबेलमध्ये ही सोय नाही, कारण तिथे वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असतं आणि मनगटाला झगडावं लागतच नाही.

मी ती शिको-दाचीत, म्हणजे पाय फाकवून गुडघे वाकवलेल्या पवित्र्यात, उभी राहून फिरवते. दांडा समोरून उचलायचा, डोक्यावरून खांद्यामागे न्यायचा, कोपर आत ठेवून पुढे आणायचा आणि वजन वरच्या बाजूला उभं ठेवून हात पंचच्या रेषेत लांबवायचा. तिथे क्षणभर थांबलं की मनगट कुठल्या बाजूला कलंडतंय ते लपत नाही. पंच लागताना मनगट वाकायची खोड असलेल्या मुलांना मी आता समजावून सांगत बसत नाही, रिकाम्या दांड्याने हीच हालचाल करायला लावते. मावाशी-उके, म्हणजे गोल ब्लॉक, शिकवतानाही असंच होतं. तो खांद्यातून आणि पुढच्या हाताच्या पिळातून येतो, नुसत्या पंजाने काढायचा नसतो, हे चीइशी फिरवताना खांद्याला आपोआप कळतं. माझ्या स्वतःच्या हिकितेत, म्हणजे मागे खेचणाऱ्या हातात, जो फरक पडला तो मला कुठल्याही मशीनने दिला नव्हता.

बांधणीही मन लावून केली आहे. दांड्यावर वार्निश नाही, त्यामुळे तळहाताला घाम आला तरी तो निसटत नाही. चकत्या आवळणाऱ्या नटाखाली रबरी वॉशर आहे. तरीसुद्धा प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी नट हाताने आवळून बघा. ही वस्तू डोक्याच्या मागून फिरते.

एक उणीव मात्र खटकते. चकत्या सगळ्या एकेक किलोच्याच आहेत. 2 किलोवरून 3 किलोवर गेलं की भार एकदम दीडपट होतो. खांदा तो सोसतो, पण कोपराजवळचे स्नायुबंध कुरकुरायला लागतात. स्नायूंना ताकद यायला आठवडे लागतात, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या या दोऱ्यांना महिने लागतात, आणि दुखापत अनेकदा या फरकातून होते. कोपराच्या बाहेरच्या हाडाशी दाबल्यावर दुखत असेल तर वजन कमी करा, मूठ पुढे घ्या, आणि एक दिवस मध्ये सोडून सराव करा. श्वास तर कधीच कोंडू नका. सांचिन या कातात श्वास आवाज करत बाहेर सोडतात, तोच नियम इथे पाळावा, कारण दम रोखून जोर लावला की रक्तदाब झपाट्याने चढतो. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आता मडकी. निगिरिगामेचा व्यायाम वरवर किरकोळ दिसतो : मडक्याची कड बोटांनी वरून पकडायची, हात शरीराच्या बाजूला सोडायचे आणि सांचिनची पावलं टाकत चालायचं. पहिल्याच फेरीत समजतं की इथे तळहाताचा आधार नाही. डंबेलचा गज मुठीत बसतो, अंगठा त्याला कुलूप घालतो. मडकं फक्त बोटांच्या टोकांवर आणि अंगठ्यावर लटकतं. प्रतिस्पर्ध्याचं मनगट धरताना, गीची, म्हणजे सरावाच्या पोशाखाची, बाही पकडताना किंवा ज्युदोत कॉलरवर हात टाकताना नेमकी हीच पकड लागते. म्हणून कराटेच नाही, ज्युदो किंवा जुजुत्सू करणाऱ्यांनाही मी मडकी सुचवेन.

दुसरा फायदा मला त्याहून मोलाचा वाटतो. मडकी धरल्यावर खांदे कानांकडे चढू लागतात. ते खाली दाबून ठेवायचे, काखा बंद करायच्या आणि तसंच चालायचं. सांचिन शिकवणारा प्रत्येक जण ‘खांदे खाली’ म्हणून ओरडत असतो. हातात मडकी असली की पाठीचे रुंद स्नायू कामाला लागल्याचं विद्यार्थ्याला स्वतःलाच जाणवतं, मग ओरडावं लागत नाही.

या संचातल्या मडक्यांचा आकार आणि तोल चांगला आहे, पण कडेलाही गुळगुळीत चकाकी दिली आहे. दिसायला छान, पकडायला वाईट. घामेजलेली बोटं सटकतात आणि मडकं सरळ पायावर येतं. मी कडेवर सुती स्पोर्ट्स टेप गुंडाळली आणि प्रश्न मिटला. खाली जाड रबरी मॅट हवीच. तोंडाचा घेर मोठ्या पंजांच्या हिशेबाने ठेवलेला दिसतो. माझा हात लहान आहे, मला बोटं पूर्ण ताणावी लागतात. माझ्यासारख्यांनी रिकाम्या मडक्यांनीच सुरुवात करावी आणि वाळू मूठ-मूठ वाढवावी. इथे वजन वाढवायची पायरी आपल्याच हातात असते, आणि ही सोय चीइशीच्या चकत्यांनी द्यायला हवी होती. पाणी भरू नका, ते हिंदकळतं आणि सुरुवातीला त्याची गरज नाही.

मकिवाऱ्याबद्दल मात्र मला कडक बोलावंच लागेल. खरा मकिवारा म्हणजे जमिनीत खोल रोवलेला लाकडी खांब, बुंध्याशी जाड आणि वर पातळ होत गेलेला, माथ्यावर भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळलेली. तो पातळ असतो कारण त्याने वाकायचं असतं. पंच लागला की तो मागे जातो, जितका मागे जातो तितका जास्त विरोध करतो, आणि तेवढ्या वेळात मनगट, कोपर, खांदा, कंबर, मागची टाच एका रेषेत आहेत की नाहीत याचा हिशेब होतो. रेष चुकली की खांब तुम्हाला मागे ढकलतो. म्हणजे मकिवारा हा मुळात रचना तपासायचं साधन आहे.

या संचातला मकिवारा म्हणजे एक जाड सपाट फळी, वर फोमची गादी, मागे चार बोल्ट. भिंतीला पक्की चिकटते. वाकायचा प्रश्नच नाही. पंचचा सगळा जोर गादी दबून संपल्यावर मुठीच्या गाठींत आणि मनगटात येऊन थांबतो. सोबतच्या पत्रकात ‘हाडं पोलादासारखी होतील’ असं छापलं आहे आणि रोज मोठ्या संख्येने ठोसे मारायला सांगितलं आहे.

भार पडला की हाड स्वतःला त्यानुसार घडवतं हे खरंच आहे. जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये ते सविस्तर मांडलं आणि तो नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण त्या घडणीला योग्य भार लागतो, विश्रांती लागते आणि महिन्यांचा वेळ लागतो. शिवाय सांध्यातली कूर्चा हाडासारखी वागत नाही. तिला रक्तवाहिन्या नसतात, ती झिजली की नीट भरून येत नाही. ठोसा पहिल्या दोन बोटांच्या गाठींऐवजी करंगळीच्या बाजूने लागला तर तिथलं तळव्याचं हाड गाठीच्या लगेच खाली मोडू शकतं. मूठ चुकीची पडणाऱ्यांत ही दुखापत इतकी नेहमीची आहे की तिला ‘बॉक्सरचं फ्रॅक्चर’ असं नावच पडलं आहे. न वाकणाऱ्या फळीवर अशी चूक पोटात घालायला काहीच नसतं.

आणि त्याच पत्रकात ‘सर्व वयांसाठी’ असं लिहिलं आहे. मी मुलांना शिकवते, त्यामुळे हे वाचून मला मनापासून राग आला. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीच्या चकत्या असतात आणि त्या अजून कूर्चेच्याच असतात. तिथे इजा झाली तर हाडाची वाढ बिघडू शकते. मुलांनी पंच हवेत मारावा, हातात धरलेल्या मऊ पॅडवर मारावा. मोठ्यांनीही हाताला पट्ट्या बांधून जड बॅगवर मारावा, किंवा मॅटवर मुठींवर पुशअप काढून मनगटाची रेष पक्की करावी. वाकणारा खांब आणि जाणता शिक्षक दोन्ही मिळाले तरच मकिवाऱ्याकडे वळावं.

खोक्यावर ‘संपूर्ण तयारी’ असंही लिहिलं आहे. ते तसं नाही. पायांसाठी संचात काही नाही, दमासाठीही नाही. स्पर्धेतला प्रौढांचा कुमिते, म्हणजे दोघांच्या लढतीचा, सामना 3 मिनिटांचा असतो आणि त्यात लागणारा दम दोरीवरच्या उड्या, बैठका, छोट्या-छोट्या जोरकस धावा यांतून येतो. त्यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही.

मी हा सराव तंत्राचा वर्ग संपल्यावर ठेवते, आधी कधीच नाही. पकड आणि खांदे थकलेले असताना कुमितेला उभं राहिलं की हात खाली येतात आणि चेहऱ्यावर फटका बसतो.

उत्पादकांना मी तीन गोष्टी लिहून कळवल्या आहेत : अर्ध्या किलोच्या चकत्या द्या, मडक्यांच्या कडेची चकाकी काढा, आणि फळी संचातून वगळून चीइशी सुटी विका. तोवर ज्यांना 2 आणि 3 किलोंच्या मधला भार हवा असेल त्यांनी 3 किलोच लावावेत आणि मूठ चकतीकडे सरकवून धरावी. दांड्यावर पेन्सिलने दर 5 सेंटिमीटरला खूण केली की रोज मूठ त्याच जागी पडते.